गर्दीतील बिनतारी दळणवळण

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी वसतिगृह समितीच्या वतीने दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावर येऊन वसतिगृहाचा जमाखर्च वाचून दाखवावयाचा, उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नावे सांगावयाची आणि टाळ्या पडल्या म्हणजे खाली उतरावयाचे, एवढेच काम आजवर आमच्याकडे होते. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस अर्धा तास दिला आहे आणि विषय आम्ही स्वतःच मागून घेतला आहे. एकाच जागी पुष्कळ माणसे जमली म्हणजे त्यांच्या हातांतील बिनतारी यंत्रे मुकी का होतात, आणि ती बोलती करण्यासाठी अलीकडच्या काळात कोणकोणत्या युक्त्या निघाल्या, हा तो विषय होय. स्नेहसंमेलनास असल्या रूक्ष विषयाचे प्रयोजन काय, असे काहींच्या मनात येईल. प्रयोजन आहे. ते सांगण्यापूर्वी मात्र आमच्या हातून घडलेली एक चूक आपणांसमोर कबूल केली पाहिजे.

आपल्या वसतिगृहात ७२ विद्यार्थी राहतात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. अर्ज आता कागदावर भरावयाचे नसतात, हे आपणांस ठाऊकच आहे. रात्री नऊच्या सुमारास सारे वसतिगृह अर्ज भरावयास बसले, आणि साऱ्यांच्या पडद्यांवर ते एक चक्र फिरत राहिले. आपली इमारत ज्या गल्लीत आहे तेथे मोबाईलची सेवा मुळातच क्षीण, त्यामुळे सर्वांची भिस्त वसतिगृहाच्या वायफायवर. एक विद्यार्थी, शेतमजुराचा मुलगा, खोलीतून जिन्यात, जिन्यातून कार्यालयाच्या दाराशी असा यंत्र हातात घेऊन फिरत होता. रात्री बारा वाजता मुदत संपली तेव्हा त्याचा उत्पन्नाचा दाखला अर्ध्यावर चढलेला होता. ते वर्ष त्याची शिष्यवृत्ती गेली. पहाटे चार वाजता उठून दूध केंद्रावर कॅन उतरविण्याचे काम धरून त्याने आपले वर्ष निभावले.

आणि आम्ही काय केले? दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना जमवून आम्ही त्यांस बोल लावले. "रात्रभर चित्रपट पाहत बसता, मग कामाच्या वेळी वाट मोकळी कोठून राहणार?" असे आमचे शब्द होते. त्यानंतर समितीने ठराव करून बाहेरून येणाऱ्या जोडणीचा वेग तिप्पट करून घेतला. मासिक बिल वाढले, मुलांच्या पडद्यावरील चक्र मात्र पूर्वीसारखेच फिरत राहिले. आमची समजूत अशी की, पाणी कमी येते तर नळ मोठा करावा. ती समजूत चुकीची होती, हे आम्हांस दाखवून दिले ते आपल्याच ज्ञातीतील एका कन्येने. ती दूरसंचार अभियंता आहे. धाकट्या भावास भेटावयास ती वसतिगृहात आली असता आम्ही सहज तिच्याजवळ गाऱ्हाणे केले. तिने आपले यंत्र उघडून तासभर तिन्ही मजल्यांवर फेरफटका मारला आणि परत येऊन म्हणाली, "काका, नळाला पाणी भरपूर आहे. खोळंबा रांगेत आहे."

त्या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यात आमचे पुढील सहा महिने गेले. जे समजले ते आज आपणांपुढे ठेवीत आहो.

तारेतून जाणारा संदेश आपल्या तारेतून जातो. शेजाऱ्याच्या तारेशी त्याचा संबंध नसतो. हवा मात्र एकच आहे. एका खोलीत, एकाच लहरपट्ट्यावर, एका क्षणी एकानेच बोलावे. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे फुकट जाते. तेव्हा बिनतारी जाळ्यातील मूळ प्रश्न वेगाचा नसून पाळीचा आहे. या प्रश्नाला प्रथम सामोरे गेले ते पॅसिफिक महासागरातील हवाई विद्यापीठाचे प्राध्यापक नॉर्मन एब्रॅमसन. निरनिराळ्या बेटांवरील लोकांना ओआहू बेटावरील संगणक वापरता यावा म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली 'अलोहा' नावाचे रेडिओचे जाळे सुरू केले. त्याचा नियम विलक्षण साधा होता. ज्याला बोलावयाचे असेल त्याने खुशाल बोलावे. पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजून थोड्या वेळाने पुन्हा बोलावे. माणसे थोडी असली की ही रीत उत्तम चालते. पण गणिताने असे सिद्ध झाले की, या रीतीने शंभर क्षणांपैकी फार तर १८ क्षण कारणी लागतात. पुढे लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी १९७२ मध्ये सुचविले की, बोलणे ठराविक ठोक्यावरच सुरू करावे, म्हणजे हे प्रमाण दुप्पट होऊन जवळजवळ ३७ पर्यंत जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. माणसे त्याहून वाढली तर काम तेवढ्यावर स्थिर राहत नाही, ते घसरू लागते. टकरी वाढतात, म्हणून पुन्हा बोलणे वाढते, म्हणून टकरी आणखी वाढतात. आमच्या वसतिगृहात त्या रात्री जे घडले त्याचे बीज येथे आहे.

आजचे वायफाय हे त्या अलोहाचेच सुसंस्कृत अपत्य होय. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये त्याचा पहिला नियमग्रंथ, म्हणजे ८०२.११ हे मानक, प्रसिद्ध केले. यातील शिष्टाचार मोठा मजेचा आहे. बोलण्यापूर्वी प्रत्येक यंत्राने ऐकावे. कोणी बोलत असेल तर थांबावे. शांतता झाली तरी लगेच तोंड उघडू नये, कारण थांबलेले सगळेच एकदम उघडतील. म्हणून प्रत्येकाने मनातल्या मनात चिठ्ठी काढावी. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत पहिल्या खेपेस ० ते १५ पैकी कोणताही आकडा येतो. तेवढे सूक्ष्म ठोके मोजून झाले की बोलावयाचे. तरीही टक्कर झाली तर पुढच्या खेपेस ० ते ३१, मग ० ते ६३, असे करीत १०२३ पर्यंत. पाचसहा यंत्रे असली तर हा शिष्टाचार कोणाच्या लक्षातही येत नाही, इतका तो झपाट्याने उरकतो. पण १५० यंत्रे जमली म्हणजे "आधी आपण, आधी आपण" करण्यातच बहुतेक वेळ जातो. आपल्या मंडळाच्या काही सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे अधिक विस्ताराने सांगावयास नको.

याहूनही चमत्कारिक एक गोष्ट आहे, आणि आम्हांस ती फार उशिरा कळली. सर्वांना बोलण्याची पाळी सारखी मिळते, पण बोलण्यास लागणारा वेळ सारखा नसतो. जे यंत्र दूर आहे, किंवा जुने आहे, ते हळू बोलते. दीड हजार बाइटांचे एक पाकीट सेकंदास १ मेगाबिट या वेगाने पाठवावयाचे तर १२ मिलिसेकंद लागतात. तेच ५४ मेगाबिटने पाठविले तर पाव मिलिसेकंदाच्याही आत जाते. म्हणजे मधला शिष्टाचाराचा वेळ सोडून दिला तर, तिसऱ्या मजल्यावरील कोपऱ्यातील एका मुलाचे एक पाकीट जाईपर्यंत कार्यालयाशेजारच्या मुलाची पन्नासाहून अधिक पाकिटे गेली असती. एक संथ बोलणारा सारी सभा आपल्या चालीने चालवितो. त्यात त्या मुलाचा दोष काहीच नाही. त्याला खोलीच तेथे मिळाली आहे.

आता लहरपट्ट्यांकडे वळू. जुन्या मंडळींना आठवत असेल की, एकेकाळी घरात साधा रेडिओ ठेवावयाचा तरी टपाल कचेरीत परवाना काढावा लागे. बिनतारी यंत्रांना परवान्याच्या जाचातून मोकळीक प्रथम अमेरिकेने १९८५ मध्ये दिली. आपल्या सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील बराच मोठा भाग २०१८ मध्ये खुला केला. परवाना नसल्यामुळेच वायफाय घरोघर गेले, हे खरे. पण ज्या गायरानात कोणीही गुरे सोडावी त्याची जी गत होते तीच २.४ च्या पट्ट्याची झाली. त्यात एकमेकांस धक्का न लावणाऱ्या वाटा तीनच: क्रमांक १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, त्यातच स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह शेगडीची गळती, आणि त्यातच शेजारच्या साऱ्या बिऱ्हाडांची जाळी. प्रत्येक जाळे "मी येथे आहे, मी येथे आहे" अशी दवंडी सेकंदास सुमारे दहा वेळा पिटते, आणि तीही बहुधा सर्वांत संथ वेगाने. कोणी एक अक्षर पाठविले नाही तरी दवंड्यांनीच रस्ता भरून जातो.

मोठमोठ्यांची फजिती याने झाली आहे. ७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स नवा आयफोन लोकांस दाखवीत असता त्यांच्याच हातातील यंत्र जाळ्याशी जोडले जाईना. त्या एका सभागृहात प्रेक्षकांनी आपापली मिळून ५७० वायफाय केंद्रे चालू ठेवली होती, असे निघाले. शेवटी त्यांनी लोकांस आपापली यंत्रे बंद करून जमिनीवर ठेवण्याची विनंती केली. जगातील अव्वल दर्जाचे अभियंते पदरी असलेल्या गृहस्थास जे टळले नाही ते आमच्या समितीस कसे टळावे, असे म्हणून आम्ही थोडे समाधान करून घेतले. ते फार काळ टिकले नाही, हे वेगळे.

क्रीडांगणे बांधणाऱ्यांनी या फजितीपासून धडा घेतला. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे २०१४ मध्ये जे लिव्हाइज क्रीडांगण उघडले, तेथे सुमारे ६८ हजार प्रेक्षक बसतात. तेथे एखादा प्रचंड प्रक्षेपक उंच मनोऱ्यावर बसविलेला नाही. हजाराहून अधिक लहान लहान केंद्रे पसरलेली असून त्यांतील पुष्कळशी प्रेक्षकांच्या आसनांखाली आहेत. आसनाखाली का, तर माणसाच्या शरीरात पाणी पुष्कळ असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. जी गर्दी लहरींची वैरीण, तीच येथे आडभिंतीचे काम करते. एका केंद्राचा आवाज चारसहा रांगांपलीकडे जात नाही, म्हणून तीच वाट थोड्या अंतरावर दुसऱ्या केंद्रास पुन्हा वापरता येते. आवाज वाढविण्याऐवजी कमी करावा आणि बोलणारे अनेक करावे, हे या विद्येचे मर्म आम्हांस येथे उमगले. घरगुती दुकानदार नेमके याच्या उलट सांगतो. आमच्याकडेही एक विक्रेता आला होता. "एकच दांडगे यंत्र मधोमध बसवा, तिन्ही मजले भरून निघतील," असे तो सांगत होता, आणि आम्ही जवळजवळ सही केली होती.

यापुढील कथा सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो, कारण तिचे धागे आपल्या महाराष्ट्रात गुंतलेले आहेत. थॉमस कैलाथ हे १९३५ साली पुण्यात जन्मले. तेथील सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि मग अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९५६ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज. १९४४ साली तामिळनाडूतील पोल्लाची येथे जन्मलेले. लहान वयात ते भारतीय नौदलात गेले. लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबर रोजी आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडविली. पाण्याखालचा शत्रू ऐकू येण्यासाठी आपल्याच देशात चांगले ध्वनिशोधक यंत्र तयार झाले पाहिजे, हा विचार त्यानंतर जोर धरू लागला, आणि 'अप्सोह' नावाचे ते यंत्र बनविणाऱ्या मंडळींचे नेतृत्व पॉलराज यांनी केले. समुद्रात शेकडो प्रतिध्वनींच्या कोलाहलातून नेमका एक आवाज वेगळा काढावयाचा, ही ती विद्या. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते स्टॅनफर्डला कैलाथ यांच्याकडे गेले. तेथे हवेतील रेडिओ संदेश वेगळे करण्याचे प्रयोग चालू असता त्यांच्या लक्षात आले की, भिंतींवर, झाडांवर आपटून लहरी निरनिराळ्या वाटांनी येतात, आणि ज्याला आजवर सारे उपद्रव समजत होते तो खरोखर फायद्याचा आहे. पाठविणाऱ्याकडे अनेक आकाशिका आणि घेणाऱ्याकडेही अनेक आकाशिका असल्या, तर एकाच पट्ट्यावर, एकाच क्षणी, दोनतीन वेगळे संदेश पाठवून ते पलीकडे निवडून काढता येतात. तांदुळात मिसळलेली डाळ निवडावी तसे. या कल्पनेचे पेटंट पॉलराज आणि कैलाथ या दोघांच्या नावे १९९४ मध्ये मिळाले. तिलाच आज 'मायमो' म्हणतात. २००९ च्या मानकापासून ती वायफायमध्ये आली, मोबाईलमध्येही आली; आपल्या खिशातील फोनमध्येही ती बहुधा आहे. पॉलराज यांना २०१० मध्ये पद्मभूषण आणि २०१४ मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळाले. कैलाथ यांस २००९ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंच्या धावा तोंडपाठ असतात. ही दोन नावे त्यांच्या कानावर घालावी म्हणून हा विस्तार केला.

आता अगदी अलीकडच्या युक्त्यांकडे येतो. २०२१ मध्ये मान्य झालेल्या ८०२.११एएक्स या मानकाला बाजारात वायफाय ६ म्हणतात. यापूर्वीच्या प्रत्येक मानकाने कमाल वेग वाढविल्याची प्रौढी मिरविली. याने मात्र उद्दिष्टच निराळे धरले: दाट गर्दीत प्रत्येक यंत्राच्या वाट्यास येणारा सरासरी वेग चौपट करावयाचा. गर्दीसाठी म्हणून बांधलेले हे पहिलेच वायफाय होय.

त्यातील मुख्य सुधारणा पंगतीच्या दृष्टांताने सांगतो. जुनी रीत अशी होती की, एका वेळी एकच पाहुणा जेवावयाचा. तो नुसता घोटभर ताक प्यावयास आला असला तरी सारे दालन त्याच्या एकट्यासाठी मोकळे करावयाचे, तो उठला की पुन्हा झाडून दुसऱ्यास बोलवावयाचे. नव्या रीतीत दालनात पाने मांडली. २० मेगाहर्ट्‌झच्या एका वाटेचे नऊ लहान भाग करता येतात आणि नऊ यंत्रे एकाच वेळी आपापल्या पानावर बसू शकतात. ज्याची भूक मोठी त्याला दोनचार पाने मिळून द्यावी. आपल्या मुलांचे बहुतेक व्यवहार ताकाच्या घोटाएवढेच असतात: एक निरोप, एक खूण, अर्जातील एक रकाना. म्हणून या सुधारणेचा लाभ त्यांना अधिक.

परंतु कोणी कोणत्या पानावर बसावे हे ठरवावयाचे तर यजमान हवा. येथे दुसरी सुधारणा आली. आतापर्यंत वायफाय ही अध्यक्ष नसलेली सभा होती. आता मध्यवर्ती यंत्र पुकारा करते: अमुक, तमुक आणि फलाणे यांनी आता एकदम बोलावे, प्रत्येकाने आपापल्या भागात. मोबाईलच्या मनोऱ्यांकडे हे अध्यक्षपद पहिल्यापासूनच आहे. वायफायला ते मिळावयास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. शिवाय ज्या लहान यंत्रांना क्वचितच बोलावयाचे असते त्यांना "तुम्ही अमुक वेळेपर्यंत निजा" असे सांगण्याची सोय झाली. त्यामुळे गर्दीही कमी होते आणि त्यांची बॅटरीही टिकते.

तिसरी युक्ती आम्हांस सर्वांत आवडली. पूर्वी शेजारच्या जाळ्याचा क्षीणसा आवाज कानी आला तरी आपले यंत्र सभ्यपणे गप्प बसे. आता प्रत्येक जाळ्याला रंग दिला आहे; १ ते ६३ पैकी एक क्रमांक, त्यालाच रंग म्हणतात. संदेशाच्या आरंभीच तो असतो. रंग परका आहे आणि आवाजही दुरून येत आहे असे दिसले, की आपले यंत्र आपले बोलणे चालू ठेवते. पंढरीच्या वाटेवर प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. पुढच्या दिंडीचा अभंग वाऱ्यावरून ऐकू आला म्हणून आपली दिंडी टाळ खाली ठेवीत नाही.

यापुढील मानक ८०२.११बीई, म्हणजे वायफाय ७. त्याची यंत्रे २०२४ च्या आरंभापासून प्रमाणित होऊ लागली आणि मानक २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. यात एकच यंत्र दोन पट्ट्यांवर पाय ठेवून उभे राहू शकते. एक वाट तुंबली तर दुसरीने जाते. त्यानंतरच्या मानकात शेजारशेजारची केंद्रे आपसांत बोलून पाळ्या ठरवितील, अशी आखणी चालू आहे. सहा गिगाहर्ट्‌झचा नवा विस्तीर्ण पट्टा अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्‌झ इतका खुला केला. आपल्या दूरसंचार विभागाने त्यातील खालचे ५०० मेगाहर्ट्‌झ परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रकाशाच्या किरणांवरून संदेश नेणाऱ्या लायफायचेही मानक २०२३ मध्ये झाले. त्याचा गुण हा की, प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, तेव्हा शेजाऱ्याचा त्रास नाही. साठ गिगाहर्ट्‌झच्या लहरींचाही तोच गुण. या लहरी अवघ्या पाच मिलिमीटरांच्या, आणि इतक्या आखूड लहरींवर कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच प्रयोग केले होते. ते असो. आपल्या वसतिगृहास यांपैकी कशाचाही तूर्त उपयोग नाही, म्हणून पुढे जातो.

यात्रेत मोबाईल का लागत नाही, हा प्रश्न आमच्या भगिनीमंडळातून आला आहे. मघाशी आम्ही म्हटले की मनोऱ्याकडे अध्यक्षपद आहे. खरे, परंतु अध्यक्षांनी नाव पुकारावे यासाठी आधी हात वर करावा लागतो, आणि हे हात वर करणे आजही अलोहाच्याच रीतीने, ज्याला वाटेल तेव्हा, ठोक्यावर होते. लाखभर हात एकदम वर झाले तर अध्यक्षांना एकही स्पष्ट दिसत नाही. यास्तव मोठ्या मेळ्यांत चाकांवरचे तात्पुरते मनोरे आणून उभे करतात आणि एकेका मनोऱ्याचा टापू लहान करतात. नाशिकच्या येत्या सिंहस्थास ज्या कुटुंबांना जावयाचे आहे त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. फोन लागला नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावीत बसू नये. त्याने कोंडी वाढते. साधा लघुसंदेश, त्याचे ओझे अल्प असल्यामुळे, पुष्कळदा पोहोचतो. आणि चुकामूक झाली तर कोठे भेटावयाचे ती जागा घरून निघतानाच ठरवावी. ही तिसरी गोष्ट झाली, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. सार्वजनिक वायफायचा अनुभव आपल्याकडे नवा नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी देशातील अशा मालिकेतील पहिली सोय सुरू केली, आणि जून २०१८ पर्यंत ती ४०० स्थानकांवर गेली. गूगलने पुढे अंग काढून घेतले. रेलटेलने काम चालू ठेवले.

आता वसतिगृहाकडे परत येतो. आमच्या अभियंता कन्येला त्या दिवशी काय आढळले? तीन मजल्यांवर तीन यंत्रे, आणि तिन्ही एकाच सहा क्रमांकाच्या वाटेवर. त्यांपैकी एक, चोरीस जाऊ नये म्हणून, आम्हीच लोखंडी कपाटात कुलूपबंद करून ठेवले होते! आपण हसता ते योग्यच आहे. शेजारच्या इमारतींची २६ जाळी तिच्या पडद्यावर दिसत होती. मुलांपाशी मिळून दीडशेच्या आसपास यंत्रे होती. त्या रात्री चित्रपट पाहणारे किती होते, असे आम्ही तिला खोचून विचारले. तिने यंत्रांतील नोंदी उघडून दाखविल्या. रात्री नऊ ते बारा या वेळात बाहेरच्या जोडणीचा दहावा हिस्सादेखील वापरला गेला नव्हता. चित्रपट पाहणे तर दूरच, त्या वेळी चित्र उमटण्याइतकेही काही कोणाच्या हाती लागत नव्हते. आम्ही ज्या मुलांना बोल लावले ती निर्दोष होती. मागील महिन्यात प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्यांच्यापुढे ही गोष्ट बोलून दाखविली. आज आपणांपुढेही बोलून दाखवितो.

तिने एका दुपारी, एक पैसाही खर्च न करता, तीन गोष्टी केल्या. यंत्रांना १, ६ व ११ अशा वेगळ्या वाटा दिल्या. कपाटातले यंत्र बाहेर काढून जिन्याच्या माथ्यावर बसविले. आणि यंत्रांचा आवाज कमी करून सर्वांत संथ वेग बंद केले, म्हणजे दवंडी तरी झटपट उरकावी. आवाज कमी केल्यावर काम सुधारले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले नसते तर विश्वास ठेवला नसता. यंदाच्या शिष्यवृत्तीच्या रात्री ६१ अर्ज दहाच्या आत गेले. कोपऱ्यातील अकरा खोल्यांना मात्र संथ वेग बंद झाल्यामुळे जोडणीच मिळेनाशी झाली, आणि त्या मुलांना त्या रात्री भोजनगृहात येऊन बसावे लागले. ही उणीव फुकटात दूर होणारी नाही.

समितीची योजना अशी आहे. एका दांडग्या यंत्राऐवजी वायफाय ६ ची नऊ लहान यंत्रे घ्यावी, प्रत्येक मजल्यावर तीन, आणि प्रत्येकापर्यंत तार न्यावी. बिनतारीचा निम्मा खर्च तारेवर होतो, हे ऐकून आम्हांसही नवल वाटले होते. परंतु यंत्रे जर हवेतूनच एकमेकांशी बोलू लागली तर त्या एकाच रांगेत आणखी गर्दी करतील. आपल्या खोल्यांच्या भिंती जुन्या, विटांच्या, जाड आहेत. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना त्या अडवितात, आणि क्रीडांगणात गर्दी जे काम करते ते येथे भिंती करतील. वायफाय ७ ची महाग यंत्रे घेऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. नवी रीत उपयोगी पडावयाची तर मुलांच्या हातातील फोनही नवे हवेत, आणि आपल्या मुलांपैकी निम्म्यांच्या हाती थोरल्या भावाने वापरून दिलेला फोन आहे. त्यांच्यासाठी केंद्रे जवळ असणे हेच अधिक मोलाचे. एकूण खर्च १ लाख ३० हजार रुपये येईल.

हीच रक्कम यंदा इमारतीच्या प्रवेशद्वारावरील कमानीसाठी राखून ठेवलेली आहे, आणि ज्या कुटुंबांनी कमानीसाठी वर्गणी दिली त्यांच्यापैकी पुष्कळ मंडळी समोर बसली आहेत. त्यांच्या संमतीवाचून ती दुसरीकडे वळविणे योग्य होणार नाही, म्हणून ठराव क्रमांक ४ भोजनोत्तर सभेत मतास टाकला आहे. कमानीवर ज्यांच्या वडिलांचे नाव यावयाचे होते त्यांना आम्ही काल रात्री भेटलो. त्यांनी आम्हांस तासभर बसवून घेतले, सर्व ऐकले, आणि मत देताना ते काय करणार हे मात्र सांगितले नाही.

यंत्रे कोठे बसवावयाची, तार कोणत्या भिंतीतून न्यावयाची, याचा नकाशा सभागृहाच्या मागील भिंतीवर लावला आहे. तो ज्याने काढला तो विद्यार्थी आता शेवटच्या वर्षास आहे. दूध केंद्रावरून परतल्यावर सकाळच्या वेळात, हातात फीत घेऊन, त्याने साऱ्या खोल्या मोजल्या. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी भोजनास जाण्यापूर्वी त्याला विचारावे. तो नकाशाजवळच उभा आहे.